दिवाळी अंकाचा ईपब: व्हिज्युअल की कोड?

गेल्या वर्षी आमच्या कराडच्या एका साहित्यमंडळाच्या दिवाळी अंकाची ई-आवृत्ती करायचं काम माझ्याकडे आलं. छापील अंक तयार होता. मंडळाचं डीटीपी वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या अण्णांनी तो पेजमेकरमध्ये लावला होता आणि त्यांच्या मते आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "ताई, पीडीएफ आहे की. तीच टाका व्हॉट्सॲपवर." पण ए-फाइव्ह आकाराचं पान मोबाइलवर वाचायचं म्हणजे ओळ वाचायला पान डावीकडे सरकवा, पुढची ओळ सुरू झाली की परत उजवीकडे. बंगळुरू आणि न्यू जर्सीतल्या वर्गणीदारांनी आधीच्या वर्षी यावरून बरीच कुरकुर केली होती. शिवाय मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांची नजर गेलेली आहे. ते अंक मोबाइलवर ऐकतात, आणि जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधून त्यांना ऐकू येते ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची बडबड. म्हणून ईपब, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे ओळी मांडून घेणारी ई-पुस्तकाची फाइल, करायचं ठरलं.

ज्यांनी ईपब कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की तो म्हणजे झिप करून बांधलेलं गाठोडं. आत प्रत्येक लेखाची एक्सएचटीएमएल फाइल, सगळ्यांचं रूप ठरवणारी सीएसएसची फाइल, चित्रं, फॉन्ट, आणि कोणती फाइल कोणाच्या मागे येते ते सांगणारी ओपीएफ फाइल. थोडक्यात, वेबसाइटच. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडेच २०१७ पासून ईपबही आहे. त्यामुळे वेबपानांना जो प्रश्न पूर्वापार चिकटलेला आहे तो इथेही आला: पानावर दिसतं तिथेच माउसने निवडून ठळक, मोठं, मधोमध करायचं, म्हणजे व्हिज्युअल, की टॅग (मजकुराभोवतीच्या सांकेतिक खुणा) दिसणाऱ्या कोडमध्ये शिरून?

सुरुवातीला माझा कल व्हिज्युअलकडे होता. कारण सर. अंकाचे संपादक, निवृत्त मराठी शिक्षक, शेजारी खुर्ची घेऊन बसणार आणि दुरुस्त्या सांगणार. त्यांना कोड दाखवून काय उपयोग? पण हत्यारं शोधायला गेले तर कळलं की ई-पुस्तकवाल्यांनीच व्हिज्युअलशी थोडी फारकत घेतली आहे. सिजिल हा फुकट मिळणारा ईपब-संपादक २००९ पासून आहे. त्यात पूर्वी 'बुक व्ह्यू' होता, वर्डसारखं थेट पानावर लिहायची सोय. २०१९ च्या सुमारास तो काढून टाकला आणि त्यासाठी पेजएडिट नावाचा वेगळा प्रोग्रॅम दिला. सिजिलमध्ये आता उरला कोड आणि शेजारी नुसता बघायचा प्रीव्ह्यू. भारतीय प्रोग्रॅमर कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये २०१३ च्या अखेरीला संपादक आला, त्यातही एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला प्रीव्ह्यू. दोन्हीकडे व्हिज्युअल लिखाणाला मुख्य दारातून प्रवेश नाही. मला हे तेव्हा अडेलतट्टूपणाचं वाटलं होतं.

मजकूर तीन वाटांनी आला. काही लेखकांच्या वर्ड फाइली, काही कविता व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये, आणि उरलेलं सगळं अण्णांच्या पेजमेकरमधून, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. ते आधी एका कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, आणले, मग वर्ड फाइली कॅलिबरमधून ईपब करून घेतल्या.

व्हिज्युअलमध्ये उघडलं तर देखणं दिसत होतं. सर खूश. "बघ, झालंच की!" कोड उघडला तर एका कथेच्या साध्या शीर्षकाभोवती स्पॅनमध्ये (मजकुराच्या तुकड्याला रूप देणारा टॅग) स्पॅन, त्यात आणखी एक स्पॅन, वर्गांची, म्हणजे सीएसएसला रूप कुठे द्यायचं ते सांगणारी, नावं टेक्स्ट १, टेक्स्ट ४, टेक्स्ट ११ अशी, आणि सगळ्यात बाहेर साधा परिच्छेदाचा टॅग. म्हणजे ते शीर्षक आहे हे माणसाला कळत होतं, यंत्राला नाही. लेखकाने वर्डमध्ये ओळ निवडून अक्षर अठरा पॉइंट आणि ठळक केलेलं. हेडिंगची स्टाइल दिलेलीच नव्हती. परिणाम असा की अनुक्रमणिका आपोआप बनवायला घेतली तर ती रिकामी. आणि ऐकणाऱ्या सभासदांसाठी तर हे फारच वाईट. स्क्रीन रीडरवर माणूस शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पुढे जातो. शीर्षकच नसेल तर तिसऱ्या लेखापर्यंत पोहोचायला पहिले दोन ऐकणं आलं.

व्हिज्युअलमध्येही निवडून 'हेडिंग वन' देता येतं, मान्य. पण आतले स्पॅन तसेच राहतात, आणि त्यांतला आकार चिकटून बसलेला. तो पॉइंटात असेल तर वाचणाऱ्याने फोनवर अक्षर मोठं केलं की काही ॲपांत मजकूर मोठा होतो आणि शीर्षक आहे तिथेच. छापील पानावर अठरा पॉइंट म्हणजे अठरा पॉइंट. इथे पान नाही, पडदा कोणाचा केवढा ते माहीत नाही, अक्षर किती मोठं ते वाचणारा ठरवणार. मी माझ्या लॅपटॉपवर जे 'दिसतं तसं' म्हणते ते फक्त माझ्या लॅपटॉपवर. हे पटल्यावर मी सगळ्या लेखांचं जुनं रूप काढून टाकलं. स्पॅन उडवले, वर्ग उडवले, परिच्छेद तेवढे ठेवले, आणि शीर्षक, लेखकाचं नाव, उपशीर्षक, कवितेची ओळ, टीप अशा मोजक्या वर्गांची सीएसएस हाताने लिहिली. 'शोधा आणि बदला' मध्ये रेजेक्स (नेमका शब्द न देता नमुना देऊन शोधायची पद्धत) वापरता आलं की हे काम वाटतं तितकं मोठं नाही. व्हिज्युअलमध्ये एकेक शीर्षक निवडत बसले असते तर दिवाळी उलटून गेली असती.

आता मराठीची खास गंमत. छापील अंकात एका कथेच्या शीर्षकाची अक्षरं अण्णांनी शोभेसाठी ऐसपैस पसरली होती. वर्डमधून तीच सवय एका लेखकाच्या फाइलीत आली, आणि कोडमध्ये तिचं झालं 'लेटर-स्पेसिंग'. रोमन लिपीत अक्षरं सुटी करणं शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. लॅपटॉपवर फट बारीक होती, सरांच्या डोळ्यांना ती दिसलीही नाही. फोनवर अक्षर मोठं केलं तेव्हा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र टोपी.

दुसरं प्रकरण कथेच्या पहिल्या अक्षराचं. छापील अंकाप्रमाणे ते दोन ओळींएवढं मोठं हवं असा सरांचा आग्रह. एक कथा 'स्टेशनवर' या शब्दाने सुरू होते. व्हिज्युअलमध्ये पहिलं अक्षर निवडलं की निवडलं जातं ते 'स्' एवढंच, आणि मोठं केलं की कथेच्या दाराशी पाय मोडलेला एकटा 'स्', त्याच्या बाजूला बारीक 'टेशनवर'. सीएसएसमधली पहिलं अक्षर आपोआप ओळखण्याची सोयही जोडाक्षरापाशी प्रत्येक ॲपमध्ये सारखी वागेल याची खात्री नाही. कोडमध्ये गेले, स्पॅनचा टॅग 'स्टे'च्या आधी उघडला, 'स्टे'नंतर बंद केला. जोडाक्षर मात्रेसकट पूर्ण आत. बाकीच्या कथांनाही असंच एकेक करून दिलं. खरं सांगायचं तर मला ही मोठ्या अक्षराची हौस ई-पुस्तकात अनावश्यक वाटते. पण अंक सरांचा.

मात्र कोडशिवाय गत्यंतरच नाही हे मला पटवलं ते ऱ्याने. कन्व्हर्टरमधून आलेल्या मजकुरात 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'म्हाताऱ्या' हे शब्द अगदी बरोबर दिसत होते. तरी 'दऱ्या' शोधला की निम्मेच सापडायचे. कारण हा ऱ्या दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे मराठीसाठी असलेला वेगळा 'ऱ' वापरून. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. आता कोणी 'अदृश्य कचरा' म्हणून ही चिन्हं सरसकट पुसली, आणि मजकूर साफ करणारी काही साधनं हे करतात, तर दऱ्यांचा 'दर्या' होतो. लग्नाच्या पंगतीवरच्या आमच्या विनोदी लेखात 'आचाऱ्यांना आधी जेवू घाला' असं वाक्य होतं. त्यातलं चिन्ह गेलं असतं तर भटारखान्यातल्या माणसांऐवजी थेट आचार्यांनाच आमंत्रण गेलं असतं, आणि स्पेलचेकने हूं की चूं केलं नसतं. दोन्ही शब्द शुद्धच.

यावर कॅलिबरच्या संपादकातली 'रिपोर्ट्स' ही सोय फार कामाची. पूर्ण पुस्तकात कोणकोणती अक्षरचिन्हं आली आहेत, किती वेळा, याची यादी ती देते. कोडमध्ये कर्सर ठेवला की खालच्या पट्टीत त्याआधीच्या चिन्हाचं युनिकोड नावही दिसतं, म्हणजे न दिसणारं चिन्हसुद्धा पकडता येतं. त्या यादीवरून आधी र, हलन्त, जॉइनर हा त्रिकूट शोधून त्याजागी 'ऱ' आणि हलन्त घातला, मगच उरलेल्या जॉइनरांकडे वळले. त्यातले काही लेखकांनी मुद्दाम घातलेले होते, ते ठेवले. त्याच यादीत 'ॲ' दोन प्रकारचा निघाला, एक अखंड आणि एक 'अ' वर चंद्र ठेवून केलेला. दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ निघाली, एका कवितेत तर इंग्रजी मोठा आय. आणि कोलन, अबब, किती कोलन!

ते कोलन म्हणजे विसर्ग. 'दु:ख', 'अंत:करण', 'नि:शब्द'. अर्ध्या महाराष्ट्राला विसर्ग कीबोर्डवर कुठे आहे हे माहीत नाही, किंवा शिफ्ट दाबायचा कंटाळा आहे. शब्दाच्या मधले कोलन रेजेक्सने भराभर बदलता आले: दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल आणि मध्ये मोकळी जागा नसेल तर विसर्ग. आकडे वगळायचे, नाहीतर सकाळी ७:३० च्या एसटीलाही विसर्ग लागतो. पण शब्दाच्या शेवटचे? 'स्वत:' मधला विसर्ग आणि 'ती म्हणाली:' मधला कोलन यांत रेजेक्सला फरक कळत नाही. ते एकेक करून वाक्य वाचूनच ठरवावे लागले.

आणि वाचायची वेळ आली तिथे कोड हरला. हे कोडवाले सहसा कबूल करत नाहीत. टॅगांच्या जंगलात मराठी वाचणं म्हणजे शिक्षा आहे. कोडसाठीच्या समान रुंदीच्या फॉन्टांत बहुतेक वेळा देवनागरी नसते, मग दुसराच कुठलातरी फॉन्ट उसना येतो आणि ओळी वेड्यावाकड्या होतात. कर्सर जोडाक्षराच्या नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही. बॅकस्पेस दाबला तर नुसती वेलांटी जाते, डिलीट दाबला तर अख्खं अक्षर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोळा टॅग चुकवत वाचतो आणि त्या नादात चुकाही चुकवतो. कन्व्हर्टरने एका लेखात 'प्रकाश'चा 'पकाश' केला होता. कोडमध्ये मी त्या फाइलीत किती वेळ घालवला होता, पण मला तो दिसला नाही. सरांनी पेजएडिटमध्ये पहिल्याच वाचनात पकडला. एका कथेत तर पेजमेकरचा एक स्तंभ आलाच नव्हता. नायिका माजघरात भाजी चिरतेय आणि पुढच्या ओळीत कोल्हापूरच्या गाडीत बसलेली. रचना निर्दोष, टॅग सगळे जागच्या जागी, आणि मजकुरात भगदाड. सर चष्मा वर करून म्हणाले, "ही गाडीत बसली केव्हा?"

तिथून पुढे वाटणी आपोआप झाली. शब्द व्हिज्युअलमध्ये, रूप कोडमध्ये. सरांना पेजएडिट उघडून द्यायचं, पण अट घालून: अक्षरं बदला, ऱ्हस्वदीर्घ बदला, शब्द घाला, ठळकचं बटण दाबायचं नाही, परिच्छेदाच्या सुरुवातीला बॅकस्पेस मारून दोन परिच्छेद जोडायचे नाहीत. ही दुसरी अट सरांना विचित्र वाटली. पण ब्राउझरच्या धर्तीवर चालणाऱ्या व्हिज्युअल संपादकांत परिच्छेद असे जोडले की मागून आलेल्या मजकुराचं रूप टिकवण्यासाठी त्याभोवती स्पॅन तयार होऊ शकतो, त्यात अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर सगळं लिहिलेलं. दिसायला फरक शून्य. पुढे एखाद्या फोनवर मात्र अर्धा परिच्छेद दाट आणि अर्धा विरळ. जोडायचं असेल तिथे सर पिवळी खूण करत, कागदावरच, आणि मी कोडमध्ये जोडत असे.

कवितांचा विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो. कवींनी ओळी आत सरकवायला स्पेसबार वापरलेला. व्हिज्युअलमध्ये छान पायऱ्या दिसतात, फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडते आणि तिचं शेपूट डाव्या कडेला पडतं. वाचणाऱ्याला कळत नाही की ही कवीची नवी ओळ की मोडलेली जुनी. मग प्रत्येक ओळीला स्वतःचा वर्ग दिला, डावीकडून जागा सोडली आणि पहिली ओळ तेवढीच उलट बाहेर खेचली. आता ओळ मोडली तरी शेपूट आत सरकतं. अंकात एक अभंगही होता. त्यातल्या '॥ १ ॥' मधले दंड आणि आकडा यांची ताटातूट होऊन एक दंड खालच्या ओळीत जायचा, म्हणून मधल्या मोकळ्या जागा न तुटणाऱ्या केल्या. ही न तुटणारी जागा व्हिज्युअलमध्ये साध्या जागेसारखीच दिसते. सिजिलच्या कोडमध्ये ती आकड्याच्या रूपात दिसेल अशी सोय आहे, म्हणून ती तिथेच करावी.

फॉन्ट मी टिरो देवनागरी मराठी घातला. मुक्त परवान्याचा आहे, आणि त्यात पाकळीचा 'ल' मुळातच मराठी वळणाचा. दुसऱ्या काही फॉन्टांत मराठी वळण असतं, पण फाइलीवर मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण असेल तरच ते बाहेर येतं. टिरोत ठळक वजन नाही. ठळक मागितलं तर ॲप अक्षरं कृत्रिमरीत्या जाड करतं आणि 'ष' चं पोट बुजतं. मग शीर्षकं ठळक न करता नुसती मोठी ठेवली. परिच्छेद दोन्ही कडांना सारखे लावले नाहीत, कारण अरुंद पडद्यावर लांब सामासिक शब्द आले की ओळीत खिंडारं पडतात. अण्णांना हे अजून पसंत नाही. "कडा कुरतडल्यासारखी दिसते," म्हणतात.

भाषेची खूण फक्त 'ल' साठी नाही. नवा ईपब सुरू करताना भाषा बऱ्याचदा इंग्रजीच धरलेली असते आणि व्हिज्युअलमध्ये वर्षभर बसलात तरी ते दिसणार नाही. ओपीएफमध्ये आणि प्रत्येक फाइलीच्या वरच्या टॅगमध्ये मराठीचा संकेत घातला. ऐकणाऱ्या सभासदांना आधी एक लेख पाठवून पाहिला होता, तेव्हा त्यांचं ॲप हिंदी आवाजात वाचत होतं. दुरुस्त फाइल गेल्यावर त्यांचा फोन आला: "आता 'चमचा' नीट म्हणते हो बाई."

शेवटी ईपबचेक. फाइल नियमाला धरून आहे की नाही हे सांगणारं हे साधन, आणि याची यादी पाहून कोणाचंही गर्वहरण होतं. कोडमध्ये एक टॅग बंद करायचा राहिला तर काही ॲपांत अख्खा लेखच उघडत नाही. हा धोका व्हिज्युअलमध्ये जवळजवळ नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. टिपांचे दुवे तपासताना दोन टिपांना एकच ओळख-क्रमांक निघाला, कारण एक टीप जशीच्या तशी चिकटवून मजकूर बदलला होता. व्हिज्युअलमध्ये दोन्ही टिपा शहाण्यासारख्या आपापल्या जागी. दाबल्यावर मात्र दोन्ही एकाच ठिकाणी जात.

यंदा अंक पहिल्यांदाच युनिकोडमध्ये लागतोय. लेखकांना वर्डचा एक साचा पाठवला आहे, त्यात शीर्षक, नाव, मजकूर, कविता, टीप एवढ्याच स्टाइल. गद्यवाल्यांपैकी बरेचजण तो वापरताहेत. कवी अजून स्पेसबारवर आहेत. अण्णांनी परवा विचारलं, "ताई, ती अक्षरं मोजून देणारी यादी छापील अंकाचीही निघेल का?" मजकुराच्या फाइली घेऊन काढून दिली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिली आणि कोलनच्या आकड्यापाशी थांबले. "एवढे? सर दरवर्षी तीन तीन प्रुफं वाचतात!" आता ती यादी सरांना कोणी दाखवायची यावर आमचं बोलणं चालू आहे.